छंद आणि फुरसत

मराठीत ‘छंद’ हा शब्द थोडा संशयास्पद आहे. ‘त्याला वाचनाचा छंद आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो आणि ‘छंदीफंदी माणूस’ असे म्हणताना नाक मुरडतो. त्याचा सख्खा भाऊ ‘नाद’. तबल्याचा नाद आणि पत्त्यांचा नाद यांत शब्द एकच, घरच्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मात्र वेगळे. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींनी ‘कसल्या नादाला लागलास?’ हा प्रश्न व्यसनी मुलालाही विचारला आणि बासरी वाजविणाऱ्या मुलालाही. म्हणून प्रारंभी शब्दाकडेच वळू.

पाली भाषेत ‘छन्द’ म्हणजे इच्छा, कल, एखादी गोष्ट करावी असे मनापासून वाटणे. पाच नीवरणांच्या, म्हणजे चित्ताला झाकून टाकणाऱ्या अडथळ्यांच्या, यादीत पहिले नाव ‘कामच्छन्द’ हे आहे. परंतु चार इद्धिपादांच्या, म्हणजे सिद्धीकडे नेणाऱ्या पायऱ्यांच्या, यादीतही पहिली पायरी ‘छन्द’ हीच आहे. विरिय, चित्त आणि वीमंसा तिच्या मागून येतात. एकच शब्द एका यादीत अडसर आहे, तर दुसऱ्या यादीत उंबरठा. जुन्या आचार्यांना यात विसंगती वाटली नाही. मनाची ओढ ही मुळात ऊर्जा आहे. ती कशाला जोडली गेली यावर तिचे नाव ठरते. शिवाय त्या क्रमातही मर्म आहे. प्रयत्न दुसरा, आवड पहिली. आवडीवाचून केलेले प्रयत्न किती दिवस टिकतात, हे निवासी शाळेतील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

आता आपल्या समाजाला छंदाविषयी जो संशय वाटतो, त्यामागे भाषेपेक्षा मोठे कारण आहे. छंदाला वेळ लागतो, आणि आपल्या आजोबा-पणजोबांचा वेळ त्यांचा स्वतःचा नव्हता. सालगड्याचे वर्ष मालकाचे, ऊसतोड कामगाराचा हंगाम मुकादमाचा. गावकीच्या कामांना तर ना वेळ ना मोबदला. हाक आली की निघायचे. ज्याचा दिवसच दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याच्या घरात ‘फावला वेळ’ ही कल्पना कुठून येणार? अशा घरातून पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलाने क्षणभर रिकामे बसणे हा आईवडिलांना अपराध वाटला, तर त्यांना दोष देता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फुरसतीचा प्रश्न थेट हाताळला आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्रांची बाजू घेतली, ती नेमकी या मुद्द्यावर. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : पशूचे जीवन शारीरिक गरजा भागविण्यात संपते, मनुष्याला त्यापलीकडे मनाची मशागत करायची असते. ती मशागत फुरसतीविना होत नाही, आणि गरजेच्या वस्तू निर्माण करण्यासाठी लागणारे कष्ट कमी झाल्याविना फुरसत मिळत नाही. म्हणून ज्या समाजाला लोकशाही हवी आहे, त्याने फुरसत मूठभरांच्या हाती ठेवून चालणार नाही. हा केवळ ग्रंथातील विचार राहिला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. सहा तास हा आकडा लहान दिसतो. पण गिरणीतून सुटलेल्या माणसाला रोज एक तास अधिक मिळणे म्हणजे काय, हे त्या माणसालाच विचारावे. म्हणून छंद ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, असे कुणी म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. कित्येक शतके ती तशी ठेवली गेली होती, हे उरलेले अर्धे.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब स्पष्ट केली पाहिजे. हलगी वाजविणे, सनई फुंकणे, दोर वळणे, चामडे कमावणे ही कौशल्ये आपल्या मराठवाड्यातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती आणि असामान्य होती. पण त्यांना छंद म्हणता येत नाही, कारण त्यांना नकार देण्याची मुभा नव्हती. दारात लग्न असो की मयत, वाजवावेच लागे. अशा लादलेल्या कामांचा त्याग हा आपल्या चळवळीचा महत्त्वाचा टप्पा होता आणि अनेक घरांनी वाद्येही त्यासोबत खाली ठेवली. ते योग्यच झाले. आता दोन-तीन पिढ्यांनंतर एखादा अभियंता किंवा बँकेतील कर्मचारी स्वेच्छेने हलगी शिकतो, तेव्हा ताल तोच असतो, पण कृती वेगळी असते. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार हातात असताना केलेली गोष्ट, ही छंदाची पहिली खूण होय.

दुसरी खूण अशी की छंद आपल्याकडून काहीतरी मागतो. करमणूक आणि छंद यांतील भेद इथेच आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी राजगृहाच्या एका गृहस्थपुत्राला संपत्तीनाशाची सहा दारे सांगितली आहेत. मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, खेळतमाशांचा हव्यास, जुगार, कुसंगती आणि आळस ही ती सहा दारे. त्यांतील तमाशांविषयीचे विवेचन लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. तिथे संगीताला वाईट म्हटलेले नाही. आज नृत्य कोठे आहे, वादन कोठे आहे, टाळ कोठे वाजत आहेत, अशी सतत शोधाशोध करीत राहणारे अस्वस्थ मन हा दोष म्हणून दाखविला आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अंगठ्याने एकामागून एक चित्रफीत सरकविणाऱ्या माणसाचे वर्णन दुसऱ्या शब्दांत करणे कठीण आहे. दोन तास सरकविल्यानंतर हाती काय उरले हे त्याला सांगता येत नाही. दोन तास पेटीवर एकच चाल घोळविणाऱ्याला मात्र सांगता येते. बहुधा तो सांगतो की अजून जमले नाही.

न जमणे हेही महत्त्वाचे आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१७ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी बोटीने पाठविलेला ग्रंथांचा मोठा साठा पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाला. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. परंतु माझ्या मते ग्रंथसंग्रहाला त्यांचा छंद म्हणणे अपुरे आहे. ग्रंथ हे त्यांचे शस्त्र होते, आणि शस्त्र पारजणे याला कुणी विरंगुळा म्हणत नाही. त्यांचा खरा छंद पाहायचा तर व्हायोलिनकडे पाहावे. आयुष्याच्या उत्तरार्धात, प्रकृती ढासळत असताना आणि कामाचे डोंगर समोर असताना, त्यांनी शिक्षक ठेवून व्हायोलिन शिकण्यास सुरुवात केली. चित्रकलेतही हात घालून पाहिला. ज्या माणसाने कोलंबिया आणि लंडन येथील सर्वोच्च पदव्या मिळविल्या, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, तो साठीच्या उंबरठ्यावर एका वाद्यासमोर नवशिका म्हणून बसतो. तिथे कुणाला हरवायचे नव्हते, काही सिद्ध करायचे नव्हते. आपल्या घराघरांत त्यांचे ग्रंथासहित छायाचित्र असते, ते असावेच. व्हायोलिनचा उल्लेख मात्र आपण मुलांजवळ क्वचित करतो.

वाद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सोण कोळीविस थेरांची कथा आठवते. प्रव्रज्येनंतर त्यांनी इतका कठोर प्रयत्न केला की चालून चालून तळपाय रक्ताळले, आणि मन निराश झाले. बुद्धांनी त्यांना प्रश्न विचारला तो वीणेविषयी, कारण गृहस्थाश्रमात सोण उत्तम वीणा वाजवीत असत. तारा फार ताणल्या तर स्वर लागतो का? फार सैल सोडल्या तर? सोण यांना उत्तर माहीत होते. बोटांना माहीत होते. मध्यम मार्गाचा अर्थ त्यांना एका जुन्या छंदाच्या भाषेत सांगता आला. एका ठिकाणी कमावलेली समज दुसऱ्या ठिकाणी अशी न सांगता उपयोगी पडते.

आता जवळचे उदाहरण घेऊ. लातूरहून मुरूड-ढोकीच्या वाटेने गेले की धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव लागते. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते सर्वांना परिचित आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराची नोंद आहे. येथील जाडेभरडे आणि तलम कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे आणि तेथून समुद्रापार. तेर म्हणजेच तगर, हे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट या अभ्यासकाने दाखवून दिले. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी तेथील त्रिविक्रम मंदिर हे मुळात विटांनी बांधलेले बौद्ध चैत्यगृह असल्याचे प्रतिपादन केले. पुढील उत्खननांत येथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले.

पण तेरची कीर्ती केवळ उत्खननांवर उभी नाही. ती उभी आहे गावातीलच एका रहिवाशाच्या नादावर. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. व्यवसायाने ते पुरातत्त्वज्ञ नव्हते. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानतात : काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षे मातीची घरे पडतात, त्यांवर नवी उभी राहतात. राख, शेण, खापरे यांचे थर साचून पांढरीची टेकाडे तयार होतात. तेरची टेकाडे सातवाहनांच्या काळापासूनची. पावसाळ्यात वरची माती वाहून गेली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या, नाणी उघडी पडतात. ही माती चांगली म्हणून लोक शेतात खत म्हणून टाकतात, भिंतींना लावतात. त्यासोबत मणीही जातात. लामतुरे यांनी या वस्तू उचलून, जपून ठेवण्यास सुरुवात केली आणि ते थांबले नाहीत. हजारो वस्तू जमल्या. केओलिनच्या शुभ्र मूर्तिका, दिवे, पदके, ठसे आणि एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. या मूर्तीचे नाते थेट इटलीशी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिसरी तिची बहीण जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात मिळाली. आपल्या तेरणेच्या काठचे कारागीर आणि रोमन साम्राज्यातील घरे यांच्यातील धागा ज्या वस्तूंमुळे हाती लागतो, त्यांतील एक अशी एका गावकऱ्याच्या संग्रहात जपली गेली होती. विद्वानांनी या संग्रहाचा अभ्यास केला, त्यावर लेखन झाले, आणि अखेरीस त्याच संग्रहाच्या पायावर तेर येथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. आज त्या संग्रहालयाला लामतुरे यांचेच नाव आहे.

व्यावसायिक संशोधक जे करू शकत नाही, ते छांदिष्ट माणूस कसे करू शकतो, हे येथे नीट दिसते. उत्खनन करणारे पथक एका-दोन हंगामांसाठी येते. निधी संपतो, पथक परत जाते. गावातला माणूस मात्र प्रत्येक पावसाळ्यानंतर तिथे असतो, तीस-तीस वर्षे असतो. त्याची चिकाटी कुठल्याही अनुदानावर अवलंबून नसते. उलट बाजूही सांगितली पाहिजे : जमिनीवर मिळालेली वस्तू कोणत्या थरातली हे कळत नाही, म्हणून तिचा काळ ठरविणे अवघड जाते. संग्राहकाने वस्तूसोबत जागा आणि तारीख लिहून ठेवली तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. जो जमवतो पण नोंद करीत नाही, त्याच्याकडे शेवटी एक सुंदर ढीग उरतो. आणि कायद्याचेही भान हवे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. आजच्या विद्यार्थ्याने टेकाडावर मणी पाहिला तर त्याने खिशात टाकू नये, छायाचित्र घ्यावे, जागा टिपावी आणि शिक्षकांमार्फत पुरातत्त्व विभागाला कळवावे. औशाजवळची खरोसा लेणी, कंधारचा किल्ला, नांदेड-लातूरच्या खेड्यांत पारावर पडलेले वीरगळ हे सर्व नुसते पाहून, मोजून, रेखाटून घेण्यातही जन्मभर पुरेल एवढा आनंद आहे, आणि त्यासाठी काहीच घरी आणावे लागत नाही.

या संदर्भात आणखी एक नाव घेतले पाहिजे. बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी आपणा सर्वांना वंदनीय आहेत. गोव्यातील सांखवाळ या गावातून ज्ञानाच्या ओढीने निघालेला हा तरुण सिंहल आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी (१९०७–१९६६) हे व्यवसायाने गणितज्ञ. हार्वर्डमध्ये शिकलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक. पगार त्यांना गणिताचा मिळत असे. इतिहास हा नोकरीबाहेरचा उद्योग. सुरुवात झाली जुन्या नाण्यांपासून. त्यांनी असा विचार केला की नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणजे चलनात जितका काळ अधिक, तितके वजन कमी. एकेक नाण्यावरून काही कळत नाही, पण शेकडो नाणी अचूक तराजूवर तोलली आणि सरासरी काढली तर कोणता गट जुना, कोणता नवा हे सांगता येईल. कल्पना तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही तोलून पाहिली. मग तक्षशिलेच्या आहत नाण्यांकडे वळले. राजांच्या वंशावळींवर विसंबलेल्या इतिहासलेखनात तराजू आणि संख्याशास्त्र घेऊन आलेला हा माणूस त्या विषयाचा पदवीधर नव्हता.

त्यांचा दुसरा छंद पायी फिरण्याचा. पुण्यातील घरामागच्या टेकड्यांवर फिरताना त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक पाती दिसू लागली : अश्मयुगीन माणसांची सूक्ष्म हत्यारे. त्या टेकडीवर रोज शेकडो लोक फिरत होते, दिसली यांना. पुढे सुट्टीच्या दिवशी कार्ले, जुन्नरच्या परिसरात भटकताना त्यांनी पाहिले की बौद्ध लेणी निर्जन अरण्यात नव्हे, तर घाटमाथ्यावरच्या व्यापारी वाटांच्या तोंडाशी आहेत. विहार आणि व्यापार यांच्या संबंधाची त्यांची मांडणी या पायपिटीतून आली. पंढरीच्या पालखीची वाट आणि मेंढपाळांची प्राचीन स्थलांतराची वाट यांचा संबंध त्यांनी जोडला तोही चालून. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या देशात इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी आजचे अभ्यासक सहमत नाहीत, त्याची गरजही नाही. निवासी शाळेच्या वाचकांना मी एवढेच निदर्शनास आणीन की या सगळ्याला लागलेले साहित्य म्हणजे एक तराजू, एक काठी आणि रविवार.

मात्र लामतुरे आणि कोसंबी यांची नावे घेताना एक धोका संभवतो. त्यांचा छंद संग्रहालयापर्यंत, ग्रंथापर्यंत पोहोचला म्हणून तो सार्थ, असे वाचकाला वाटू शकते. तसे नाही. चौदा एप्रिलच्या आदल्या महिन्यात आपल्या वस्त्यांमध्ये रात्री पेटी, ढोलकी आणि खंजिरी बाहेर निघते. दिवसभर गवंडीकाम, हमाली, शेतमजुरी करून आलेली माणसे गाण्याच्या तालमीला बसतात. यांतील फारच थोडे कधी आकाशवाणीवर जातील. आंबेडकरी जलसा उभा राहिला तो अशाच माणसांच्या बळावर. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची अक्षरओळखही प्रौढ वयातली; मुंबईत कष्टाची कामे करता करता ते गाणी रचू लागले आणि मग महाराष्ट्रभर फिरले. पण त्यांच्यामागे कोरस धरणारा, नाव नसलेला माणूसही रात्री घरी जाताना तितकाच ताठ चालत असणार. त्याच्या दिवसाचा एक तुकडा त्याने स्वतः निवडला होता.

स्त्रियांच्या बाबतीत हा तुकडा मिळणेच दुरापास्त असते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७. पाच तास आणि दीड तास. आपल्या आज्यांनी यावर तोडगा काढला तो असा की कामातच छंद मिसळला. जात्यावर बसून ओव्या रचल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर आणि रमाईंवर रचलेल्या ओव्या संशोधकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. जुन्या लुगड्यांच्या वाकळीवर टाके घालताना रंगसंगती साधणारी आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. हे सारे थोर आहे, पण त्याचे गोडवे गाऊन आजच्या आईला तसेच जगायला सांगणे अन्याय्य ठरेल. पुरुष मंडळींनी भांडी घासली तर घरात एक छंद निर्माण होऊ शकतो, आणि तो भांडी घासणाऱ्याचा नसेल.

छंदाचा आरोग्याशी काय संबंध, याविषयी एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आला. जपान, चीन, अमेरिका आणि युरोप धरून सोळा देशांतील पासष्ट वर्षांपुढील सुमारे ९३ हजार लोकांची माहिती त्यात तपासली होती. ज्यांना छंद होता, त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे कमी, समाधान अधिक आढळले. छंदामुळे माणूस आनंदी राहतो की आनंदी माणूसच छंद लावून घेतो, हे अशा अभ्यासातून पूर्ण उलगडत नाही. तरीही निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात ‘आता दिवस जात नाही’ म्हणणारे आपले अनेक नोकरदार माजी विद्यार्थी पाहता, विचार पन्नाशीतच करावा असे वाटते.

पालकांची खरी चिंता वेगळी असते. ज्या भागाने राज्याला ‘लातूर पॅटर्न’ दिला आणि जिथे नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांत दूरदूरची मुले डॉक्टर होण्यासाठी येऊन राहतात, तिथे दहावीच्या मुलाने चित्रे काढत बसणे परवडते का? प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांना एक चुकलेले वर्ष किती महाग पडते हे कुणी बाहेरच्याने शिकवू नये. पण त्या पॅटर्नच्या वेळापत्रकातही जेवणानंतरचा अर्धा तास असतो, आणि तो अर्धा तास पडद्यावर जातो हे आपण पाहतो. त्यातील वीस मिनिटे पेटीला, वहीला किंवा कुंडीतल्या रोपाला मिळाली तर गुण कमी होणार नाहीत. उलट, ज्याची स्वतःविषयीची सगळी किंमत एकाच गुणपत्रिकेत अडकलेली असते, तो मुलगा एका अपयशाने कोसळतो. आणि असे कोसळणे किती टोकाला जाते, हे या दोन शहरांतील वसतिगृहांना दुर्दैवाने सांगावे लागत नाही. ‘मला परीक्षेत कमी पडले, पण मला ढोलकी येते’ हे वाक्य वरवर हास्यास्पद वाटते. एखाद्या रात्री ते आधार देऊ शकते. मात्र कृपा करून त्या ढोलकीचीही लगेच परीक्षा लावू नये. उन्हाळी छंदवर्ग, त्याचे प्रमाणपत्र, त्याची स्पर्धा, त्यातला क्रमांक या वाटेने गेलेला छंद चौथ्या महिन्यात शिकवणी होतो.

खर्च लागत नाही अशा एका छंदाची माहिती देऊन थांबतो, कारण आपल्या शाळेसारख्या शाळेला गच्ची आहे आणि मराठवाड्याचे हिवाळी आकाश निरभ्र असते. पुण्यातील ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’ ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून कार्यरत आहे. पण सुरुवातीला दुर्बीणही नको. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. एकावर एक उभे तीन तारे दिसतील. शेतकरी त्यांना तिकांडे म्हणतात आणि पूर्वी त्यावरून रात्रीचा प्रहर ओळखत. त्यांच्या डाव्या हाताला तांबूस काक्षी, उजव्या हाताला निळसर पांढरा राजन्य. वर पाहत गेले की तांबूस रोहिणी आणि तिच्याही वर कृत्तिकांचा झुबका. कृत्तिकांत किती तारे मोजता येतात ते प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे. बहुतेकांना सहा दिसतात, तीक्ष्ण नजरेला अधिक. मग काक्षी आणि रोहिणी यांत अधिक तेजस्वी कोण, हे ठरवून तारीख-वेळेसह नोंदवावे. बहुधा काक्षी असेल. परंतु २०१९ च्या अखेरीस हा तारा मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीपेक्षाही फिका झाला. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी त्या वेळी शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडल्या. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून बनलेल्या धुळीने त्याचा काही भाग झाकला होता, असा उलगडा पुढे झाला. तो पुन्हा केव्हा मंदावेल हे सांगता येत नाही, म्हणून वही चालू ठेवावी. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ गच्चीवरचा दिवा बंद ठेवावा आणि भ्रमणध्वनी खाली खोलीतच असू द्यावा.